पालींची वाटणी

तिसरी पाल माझ्या कपाळावर येऊन बसली, तेव्हा दादा आणि वहिनी तिच्या नावावरून भांडत होते.

मी हलले नाही. पहिलीनं कॅमेऱ्याच्या लेन्सवर उडी मारली होती. दुसरी लाइटच्या छत्रीवर चढली आणि खाली यायला तयारच नव्हती. तिसरीला माझं कपाळ पसंत पडलं. थंडगार, चिकट पायांनी ती भुवईपर्यंत सरकली, तिथं थांबली आणि जीभ काढून स्वतःचाच डोळा चाटू लागली. या पालींना पापण्या मिटता येत नाहीत, त्यामुळे डोळा पुसायचा तर जिभेनंच, हे वहिनीनं मला सकाळी सांगितलं होतं. इतक्या जवळून बघायला मिळेल, हे सांगितलं नव्हतं.

“तिळगूळ,” वहिनी म्हणाली. “फाइलला तिळगूळ नाव दे.”

“सतरा,” दादा म्हणाला. “नोंदणीच्या कागदांवर सतरा आहे.”

“कागद तूच केलेस. मला न विचारता.”

“तुला विचारलं असतं तर सरकारदरबारी तिळगूळ नावाची नोंद झाली असती.”

“हिला आधी कुणीतरी काढा,” मी म्हणाले.

दोघांनी एकदम हात पुढे केले, एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही हात मागे घेतले. पाल माझ्या केसांत शिरली.

दादा म्हणजे यशोधन, माझा मोठा भाऊ. पाचगणीतल्या एका हॉटेलचा मॅनेजर. वहिनी म्हणजे गौतमी, तिथल्याच एका निवासी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या दिवाळीनंतर दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. का, ते मी दोघांनाही विचारलं. दोघांनी वेगवेगळी कारणं सांगितली आणि मला दोन्ही पटली. वहिनीला उटीच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती, डिसेंबरात ती जायची होती. घर भाड्याचं, मूल नव्हतं, भांडीकुंडी कुणालाच नको होती. वाटणी राहिली होती ती फक्त पालींची.

क्रेस्टेड गेको म्हणतात त्यांना. मूळच्या कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या. तळहाताएवढ्या, डोळ्यांवर बारीक काट्यांची झालर, शेपटीच्या टोकालाही चिकटून राहायची सोय. उकाडा त्यांना सोसत नाही, म्हणून पाचगणी मानवली. लग्नानंतर दादानं हौसेनं एक जोडी आणली. पुढे कुणाची जोडी कुणाशी लावली म्हणजे पिल्लू कुठल्या रंगाचं निघतं, याचा नाद वहिनीला लागला, आणि बघता बघता मागच्या खोलीत काचेच्या पेट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. केशरी, विटकरी, हळदी, दुधी, काळ्या ठिपक्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. वहिनीनं प्रत्येकीला खाण्यातलं नाव दिलं होतं आणि दादानं प्रत्येकीला नंबर. आता वकिलानं सांगितलं होतं की कुठली कुणाकडे जाणार ते ठरवा आणि प्रत्येकीचा स्वच्छ फोटो लावा, म्हणजे मागाहून वाद नको. अंगावरची नक्षी दोघींची कधी सारखी नसते, तेव्हा फोटो हीच ओळख.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दोघांचाही माझ्यावर विश्वास होता. तसं दोघांनी मला वेगवेगळे फोन करून सांगितलं, आणि मी फोन केला होता हे दुसऱ्याला कळू देऊ नकोस, असंही दोघांनी सांगितलं.

मी पुण्यात दागिन्यांचे आणि हॉटेलांच्या मेन्यूकार्डांचे फोटो काढते. अंगठी ठेवली तिथं राहते. बिर्याणीवरचा कांदा थोडा मऊ पडतो, तो बदलता येतो. त्या शनिवारी सकाळी मी दादाकडे लाइट लावले तेव्हा माझा अंदाज होता की संध्याकाळपर्यंत सगळं आटपेल, रविवारी दुपारी मी पुण्यात असेन आणि सोमवारी एका सराफाचं काम करेन. दुपारच्या जेवणापर्यंत माझ्याकडे तीन पालींचे फोटो होते.

आईचं म्हणणं वेगळंच. ती घाटाखाली वाईला एकटी राहायची. शुक्रवारी तिनं मला फोन करून बजावलं होतं, की फोटो काढ पण भरभर काढू नकोस. दोन दिवस लाव, जमलं तर तीन लाव. दोघं एका खोलीत राहिली, तर काही तरी होईल. खरं तर आईनं त्या मागच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. लोक घरातली पाल हाकलायला झाडू घेतात आणि आमच्या सूनबाई त्यांना भरवतात, यावरून तिचं आणि वहिनीचं दर भेटीत वाजायचं. वहिनी गप्प बसणारी नव्हती. आमच्याकडच्या पाली निदान चुकचुकत नाहीत आई, असं ती म्हणायची, आणि मग आई दोन दिवस मलाही फोन करायची नाही. पण आता त्याच पालींवर आईची सगळी भिस्त होती.

त्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. पाल अंगावर पडली, हे मी चुकून बोलून गेले. कुठे पडली, तिनं विचारलं. कपाळावर म्हटल्यावर मधोमध की बाजूला, हे तिला हवं होतं. मग ती पंचांग बघायला गेली आणि मी फोन हातात धरून उभी. परत आली ती खुशीत होती. शुभ आहे म्हणाली.

खरा घोळ रंगाचा होता. या पाली दिवसभर झोपतात आणि तेव्हा त्यांचा रंग उतरलेला असतो. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. अंधार झाला, अंगावर पाणी फवारलं किंवा कुणी डिवचलं की रंग चढतो. त्याला ती दोघं ‘पेटणं’ म्हणायची. निजलेली पाल आणि पेटलेली पाल यांचे फोटो शेजारी ठेवले तर ती एकच आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. दादाला फोटो निजलेलीचा हवा होता, कारण दिवसाउजेडी ती तशीच दिसते. वहिनीला पेटलेलीचा.

“झोपेतला फोटो आधार कार्डावर लावतं का कुणी?” वहिनीनं मला विचारलं.

“नटूनथटूनही लावत नाहीत,” दादानं मला सांगितलं.

दोघं एकमेकांशी बोलताना माझ्याकडे बघायची. माझी मान दुखायला लागली होती.

शेवटी मीच म्हटलं, दोन्ही काढते. म्हणजे आधी निजलेलीचा, मग तिला काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवायचं, पाण्याचा फवारा मारायचा, वाट बघायची, हलकेच बाहेर काढायची आणि ती उडी मारायच्या आत फोटो घ्यायचा. बहुतेक वेळा ती आधी उडी मारायची. मग कपाटामागून, पडद्यावरून, एकदा तर माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेतून तिला काढायचं. तोवर तिचा रंग उतरायचा. मग पुन्हा डबा.

आणि हे सगळं करून फोटो लॅपटॉपवर आला की दादा म्हणायचा, लाल जास्त वाटतोय. वहिनी म्हणायची, उलट कमी आहे. मी दोघांना समजावलं की हा माझ्याकडचा राखाडी पुठ्ठा बघा, तो एका फोटोत घेतला की त्यावरून बाकीचे रंग बरोबर लावून घेता येतात, यात माझ्या मनाचं काही नाही. दादानं पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा खरा राखाडी आहे कशावरून? त्या प्रश्नावर वहिनी पहिल्यांदाच त्याच्या बाजूनं बोलली. हो, कशावरून?

जेवणाची तऱ्हा आणखी निराळी. एकाच स्वयंपाकघरात दोघांचे दोन स्वयंपाक होत. ओट्याचा डावा भाग दादाचा, उजवा वहिनीचा. मी पाहुणी, म्हणून दोघांनीही माझ्यासाठी केलेलं होतं. दादाकडची आमटी खाल्ली आणि वहिनीकडची उसळ राहिली तर वहिनी काही बोलायची नाही, पण ताट उचलताना भांडं जोरात ठेवायची. मी दोन्ही जेवले. शनिवारी दोनदा दोन्ही जेवले. पोट आणि डोकं एकदमच दुखायला लागलं.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन.

“भांडतायत का?”

“आई, सकाळपासून भांडतायत. माझा जीव नकोसा झालाय.”

“असू दे,” आई म्हणाली. “भांडतायत ना, मग आहे काहीतरी.”

मला चीड आली होती, पण फोन ठेवल्यावर मनात आलं की आई म्हणते त्यात तथ्य असेल. ज्यांना एकमेकांशी देणंघेणं उरलेलं नाही, ती माणसं एका पालीच्या रंगावरून इतकी कशाला तापतील?

रविवारी मी सराफाला फोन करून काम मंगळवारवर ढकललं. त्यानं चार शब्द सुनावले ते ऐकून घेतले. दुपारपर्यंत बहुतेक फोटो झाले होते. हळद, खरवस, भरीत, मिसळ. त्यातली खरवस सगळ्यात देखणी, सायीसारखी पांढरी, आणि सगळ्यात कजाग. तिनं दादाला चावा घेतला आणि वहिनी हसली, आणि त्या हसण्यावरून पुन्हा एक भांडण झालं. फोटो होत होते पण वाटणी पुढे सरकत नव्हती. पाच-सहा पालींवर दोघांचाही दावा होता. आणि त्या सगळ्यांच्या वर होती कोकम.

कोकम दादाच्या हिशेबात नऊ नंबर. त्यांच्या घरात अंड्यातून बाहेर पडलेलं पहिलं पिल्लू. आधीची अंडी बुरशी लागून वाया गेली होती. मग त्या पावसाळ्यात वीज गेली की दादा हॉटेलातून धावत येऊन अंड्यांच्या डब्याभोवती थर्माकोल लावायचा, आणि वहिनी शाळेतून आल्या आल्या चप्पल न काढता आधी डबा बघायची. हे मला तेव्हाही दोघांनी वेगवेगळे फोन करून सांगितलं होतं, पण तेव्हा ते एकमेकांचं कौतुक म्हणून. कोकम गडद लाल निघाली, पाठीवर सायीच्या रंगाचा पट्टा. तसा लाल रंग पुढे त्यांच्याकडे कुठल्याच पिल्लाला आला नाही. तिच्यापायी दादा बाकी सगळ्या सोडायला तयार होता. वहिनीसुद्धा.

मी तिला शेवटी ठेवलं होतं. निजलेलीचा फोटो बिनबोभाट झाला. मग फडकं, डबा, फवारा. वाट बघता बघता त्यांचं सुरू झालं. दादा म्हणाला, अंडी सांभाळली कुणी? वहिनी म्हणाली, जोडी कुणी लावली होती? दादा म्हणाला, उटीपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही. वहिनी म्हणाली, तुझ्या हॉटेलच्या सीझनमध्ये तिला दोन-दोन दिवस पाणी मिळत नाही, मी नसले तर ती उपाशी मरेल. त्यावरून मागच्या वर्षीचा उन्हाळा निघाला, त्यावरून दादाच्या मित्राचं लग्न निघालं, ज्याचा पालींशी काही संबंध नव्हता.

मी डबा उघडला. कोकम पेटली होती. काळ्या फडक्यावर तिला ठेवलं तेव्हा तो रंग बघून मीही क्षणभर कॅमेरा उचलायला विसरले. दागिन्यांतली माणकं मी पुष्कळ बघितली आहेत, पण ती अशी आतून ओली दिसत नाहीत. मी तीन-चार फोटो घेतले. ती मान वर करून बसली होती, अगदी शहाण्यासारखी. ती दोघं बघतही नव्हती. त्यांचं अजून त्या लग्नावरच चाललं होतं.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, मी आत्ता सगळं बंद करून वाईला जाते. तुमच्या पाली, तुमचं लग्न, तुमचे नंबर आणि तुमची नावं, काय घालायचा तो गोंधळ घाला. आणि मी खरंच वळून मोठा लाइट बंद केला.

उजेड एकदम गेला तशी कोकम दचकली. तिनं उडी मारली. दादा आणि वहिनी दोघांनीही तिला पकडायला हात टाकले. कुणाचा हात आधी लागला मला दिसलं नाही, त्या दोघांनाही ते कळलं नसावं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मला दिसलं ते एवढंच, की कोकम वहिनीच्या मनगटावर होती आणि तिची शेपटी खाली काळ्या फडक्यावर एकटीच वळवळत होती.

शेपटी बराच वेळ वळवळत राहिली.

मग दादा उठला आणि एक रिकामा डबा घेऊन आला. वहिनीनं न बघता हात पुढे केला, त्यानं हातावर कोरडा टिश्यू पेपर ठेवला. तिनं तळाला अंथरला. तिनं मान जराशी हलवली, तर तो उठून पडदा ओढून आला. तिनं कोकमला अलगद डब्यात उतरवलं, त्यानं झाकण लावलं आणि डबा खालच्या फळीवर, अंधारात ठेवला. रक्त फारसं नव्हतं. जखम आपोआप बंद होते म्हणाले. इतर पालींसारखी शेपटी पुन्हा येते का, हे मी विचारलं. या जातीत येत नाही, वहिनी म्हणाली.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले.

“नाही गं,” दादा म्हणाला. “माझा हात लागला असेल.”

“माझाही असेल,” वहिनी म्हणाली. “असू दे आता.”

नऊ वर्षांत त्या दोघांना एकाच गोष्टीचा दोष आपापल्याकडे घेताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दादानं चहा टाकला. एकाच पातेल्यात, तिघांचा. मी कप घेऊन पडवीत गेले आणि हळू आवाजात आईला फोन लावला. सगळं सांगितलं. शेपटीचं, टिश्यू पेपरचं, पडद्याचं, एका पातेल्यातल्या चहाचं. तिनं फक्त विचारलं की एका पातेल्यात ना, नक्की? मी म्हटलं, नक्की. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आत आले तर वाटणी चालली होती. मी दाराशीच थांबले.

“कोकम तू ने,” दादा म्हणत होता.

“नको. या अवस्थेत प्रवास नको तिला. नऊ तुझ्याकडेच राहू दे.”

“मग हळद तरी ने. आणि तिळगूळ.”

“सतरा नेते. बारा तू ठेव, ती तुझ्या हातून बरी खाते.”

पाच-सहा पालींवर दोन दिवस अडलेलं काम चहा संपायच्या आत संपलं. तो नावं घेत होता आणि ती नंबर. मला भरून आलं. मी मुकाट्यानं लाइटच्या छत्र्या मिटायला घेतल्या. त्यांच्यात लुडबुड नको म्हणून.

तासाभरानं दारावर थाप पडली. दारात आई. एका हातात पिशवी, त्यात स्टीलचा मोठा डबा. ती फोन ठेवल्यावर वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये बसून घाट चढून आली होती. संक्रांतीला दीड महिना असताना तिनं सकाळीच गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. का केल्या होत्या, ते मी विचारलं नाही.

दादा आणि वहिनी दोघंही पुढे झाले. वहिनीनं वाकून नमस्कार केला, पिशवी घेतली. दादानं खुर्ची आणून दिली.

“तू बस गौतमी, मी पाणी आणतो.”

“नको, तू बस ना. दोन दिवस तुझी धावपळच झालीय. दमला असशील.”

“तुझीही झालीय की.”

वहिनीनं पाणी आणलं. दादानं थँक्यू म्हटलं. मी आईकडे बघून हसले, की बघ, मी सांगत नव्हते?

आई हसली नाही. ती पाणी प्यायली, तिनं भांडं खाली ठेवलं, एकदा दादाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. वहिनीनं डबा उघडून आम्हा तिघांना पोळ्या वाढल्या. दादानं आपल्या ताटलीतली अर्धी पोळी मोडायच्या आधी तिला विचारलं, तुला हवी का? ती म्हणाली, नको, तू घे. मग दोघं आत गेली, चौथी ताटली आणायला, आणि आतून त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत राहिलं. शांत, समजूतदार.

“खाली जायची शेवटची गाडी कितीला?” आईनं मला विचारलं.

“अगं, राहायला आलीस ना?”

“नाही.”

“आई, झालंय काय तुला? किती नीट वागतायत दोघं. काल या घरात उभं राहवत नव्हतं.”

आईनं पदरानं तोंड पुसलं.

“तुझे बाबा मला चाळीस वर्षांत कधी म्हणाले नाहीत, की तू दमली असशील, बस,” ती म्हणाली. “असं पाहुण्यांना म्हणत असत.”

वहिनी ताटली घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं होतं. ती आईच्या समोर जमिनीवर बसली.

“तुम्ही रागावू नका,” ती म्हणाली. “आत्ता तो शेपटीचं म्हणाला ना, की माझा हात लागला असेल, तेव्हा मी वाट बघत होते मला राग येण्याची. त्याचाच लागला होता, मला वाटतं. पण राग आला नाही, आई. मी खूप शोधला. आत काहीच नव्हतं.”

आईनं मान हलवली. मग वहिनीच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, “ती कुठली, दाखव मला.”

मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आई थबकली, पदर सावरून घेतला आणि आत आली. दादानं खालच्या फळीवरचा डबा उचलून झाकण किंचित उघडलं. कोकमचा रंग उतरून मळका तपकिरी झाला होता. आई लांबूनच बघत होती. तिनं काही शुभ-अशुभ म्हटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की हिला आता चढता येईल का नीट? दादा म्हणाला, येईल, थोडे दिवस अडखळेल. वहिनीनं मला सांगितलं की अशीच हिचा अजून एक फोटो काढ. मी मिटलेली छत्री पुन्हा उघडली आणि काढला. त्या फोटोतल्या रंगावर कुणी काही बोललं नाही. फाइलला काय नाव देऊ, हे मी विचारलं, तर दोघंही म्हणाले, दे काहीही.

आई आणि मी शेवटच्या एसटीनं खाली आलो. पसरणी घाटाच्या वळणांवर आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. वाईची घरं दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, “डबा वरच राहिला.”

“पुढच्या वेळी आणीन.”

“राहू दे,” ती म्हणाली. “आता कुणाकडे मागणार?”

डिसेंबरात वहिनी उटीला गेली. आपल्या वाटणीच्या पाली तिनं भाड्याच्या गाडीत, मांडीवर डबे घेऊन, रात्रीचा मुक्काम करत नेल्या. पुढच्या वर्षी कागदोपत्रीही सगळं मिटलं. फोटोंवरून काही वाद झाला नाही. कुणी ते उघडून बघितले की नाही, मला माहीत नाही. दादा पाचगणीतच राहिला. कोकम अजून त्याच्याकडे आहे, शेपटीशिवाय, खाऊनपिऊन जाड झालेली. तिच्याबद्दल तो माझ्याशी बोलतो, वहिनीबद्दल बोलत नाही.

मेच्या सुट्टीत मी वाईला होते. दुपारची वेळ, मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. फाटक वाजलं आणि वहिनी आत आली. उन्हानं लाल झालेली, हातात आईचा स्टीलचा डबा. तिला आता वहिनी म्हणायचं की गौतमी, हे मला सुचेना, म्हणून मी नुसतीच उभी राहिले. आई आतून आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडारड होणार.

आईनं डबा घेतला आणि उघडला. आत गुळाच्या पोळ्या होत्या.

“उन्हाळ्यात?” आई म्हणाली. “कोण खाणार? उष्ण पडतात.”

“तुम्ही नोव्हेंबरात केल्या होत्या, तेव्हा मी विचारलं होतं का?”

“नोव्हेंबरात थंडी असते. आणि हे काय, गूळ सगळा कडेनं बाहेर आलाय. तीळ भाजले होतेस की तसेच घातलेस?”

“भाजले होते. तुमच्यासारखे करपवले नाहीत, एवढंच.”

“मी करपवते? नऊ वर्षं खात होतीस तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?”

“नऊ वर्षं सांगतच होते. तुम्ही ऐकलंत कधी?”

दोघी बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या. तीळ किती भाजायचे, गूळ किसायचा की कुटायचा, बेसन कुठलं घ्यायचं, उटीला चांगला गूळ मिळतच नसेल तर केल्याच कशाला. आवाज चढत गेले. भांडं आपटल्याचा आवाज आला. शेजारच्या काकू फाटकाशी येऊन मला खुणेनं विचारून गेल्या, की काय चाललंय?

मी काही नाही म्हणून मान हलवली. लॅपटॉप बंद केला आणि तिथंच बसून राहिले. मध्ये पडायला गेले नाही.